समुपदेशनाच्या संशोधनात संस्कृती नेमकी कुठे शोधायची?

समुपदेशन मानसशास्त्रात पीएचडी करायला येणारी मुलं पहिल्या भेटीत बहुतेक वेळा एकच वाक्य घेऊन येतात. ‘मॅडम, अमुक मापनी आपल्या लोकांवर वापरून बघायची आहे, कारण आपल्या संस्कृतीत त्यावर काम झालेलं नाही.’ मी विचारते, संस्कृती तुमच्या अभ्यासात कुठे आहे? मग ती प्राथमिक माहितीच्या पानावर बोट ठेवतात. वय, लिंग, शिक्षण, धर्म, मातृभाषा असे रकाने.

मुलांची चूक नाही. आम्ही शिकवलंच तसं. पण इतकी वर्षं विद्यार्थ्यांचे फॉर्म तपासून माझं मत पक्कं झालं आहे की त्या रकान्यांत संस्कृती सगळ्यात कमी सापडते. प्रश्न कुणाच्या शब्दांत विचारला, समोर कोण बसलं होतं, उत्तर देणाऱ्याला त्या प्रश्नातून काय ऐकू आलं, आणि दिलेल्या उत्तराचं पुढे कुणी काय केलं, हे बघितलं की ती दिसायला लागते. तुम्ही सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, लिहायच्या तयारीत असाल तर हे सगळं कामात कसं आणायचं, ते मी माझ्या पद्धतीने सांगते.

सुरुवात वाचनापासून करू नका. वाचायचं आहेच, पण आधी ऐका. ज्या त्रासावर तुम्हाला काम करायचं आहे, तो भोगलेल्या आठ-दहा माणसांशी बोला. त्यातली निम्मी तरी समुपदेशकाकडे कधीच न गेलेली असू देत. आपलं बहुतेक ज्ञान दार उघडून आत आलेल्यांकडून आलं आहे, दारापर्यंतही न आलेल्यांचं आपल्याला फार थोडं कळतं. या गप्पांसाठीही आधी एथिक्स कमिटीला, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीला, विचारा, आणि स्वतःच्या क्लायंटला कधीही यात ओढू नका. तो तुम्हाला ‘नाही’ म्हणू शकत नाही.

काय विचारायचं? मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली आठ साधे प्रश्न मांडले होते, ते अजूनही माझ्या वहीच्या पहिल्या पानावर असतात. तुमच्या या त्रासाला तुम्ही काय म्हणता? तो कशामुळे झाला असं वाटतं? तेव्हाच का सुरू झाला? त्याची सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? अशा धर्तीचे ते प्रश्न आहेत. डीएसएम-५ या मनोविकारांच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेत २०१३ साली सांस्कृतिक मुलाखतीचा १६ प्रश्नांचा आराखडा आला, त्यातही हाच धागा आहे. दोन्हींतलं एक घ्या आणि उत्तरं जशीच्या तशी लिहून काढा. ‘क्लायंटने नैराश्याची तक्रार केली’ असं लिहाल तर ते पान फुकट गेलं. तो म्हणाला असेल ‘कशात राम वाटत नाही’, ती म्हणाली असेल ‘जीव वरखाली होतो’, कुणी म्हणालं असेल ‘डोक्याचा पार भुगा झालाय’. या तिघांना नैराश्याच्या एकाच खणात घालायचं की नाही, हे अजून ठरायचं आहे, आणि तोच तुमच्या संशोधनाचा प्रश्न असू शकतो. क्लाइनमन यांनीच १९७७ मध्ये या घाईला वर्गवारीची चूक म्हटलं. एका समाजात बेतलेली वर्गवारी दुसऱ्या समाजात नेली, तिथे ती ‘सापडली’, आणि म्हणून ती तिथे खरोखरच आहे असं मानलं, अशी ती चूक. १९८१ मध्ये मार्क निक्टर यांनी दक्षिण भारतातल्या स्त्रियांवरच्या अभ्यासातून दुःख सांगण्याच्या रीतींकडे लक्ष वेधलं. शरीराच्या तक्रारीतून, उपासातून, अबोल्यातूनही माणूस काहीतरी सांगत असतो, आणि ऐकणाऱ्याला ती रीत कळली नाही तर त्याच्या नोंदीत फक्त ‘डोकेदुखी’ उरते.

आता तो प्रसिद्ध आकडा. जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची सहा नियतकालिकं तपासली. २००३ ते २००७ या काळातल्या अभ्यासांत ६८ टक्के नमुने अमेरिकेतले होते, आणि अमेरिका धरून पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले एकूण ९६ टक्के. हा आकडा जवळपास प्रत्येक सिनॉप्सिसमध्ये असतो. त्याचा अर्थ मात्र बरेचदा असा घेतला जातो की तीच मापनी उरलेल्या लोकांना भरायला दिली की संशोधनातली पोकळी, म्हणजे गॅप, भरला. गॅप असा भरत नाही. प्रश्न तिथलेच, उत्तरांचे पर्यायही तिथलेच. फक्त टिकमार्क करणारे हात बदलतात.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझ्या प्रबंधासाठी मी सीईएस-डी ही मापनी घेतली होती. १९७७ साली लेनोर रॅडलॉफ यांनी प्रसिद्ध केलेली, २० विधानांची, गेल्या आठवड्यात कसं वाटलं ते विचारणारी. प्रत्येक विधानाला ० ते ३ गुण, एकूण ६०, आणि १६ किंवा त्याहून जास्त आले तर नैराश्याची शक्यता धरायची. मी सगळं नियमाप्रमाणे केलं. दोघांकडून मराठी अनुवाद करून घेतला आणि मूळ मापनी न पाहिलेल्या तिसऱ्या व्यक्तीकडून उलट अनुवाद. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडलेली हीच ती पद्धत. उलट अनुवाद मूळ विधानांशी जवळजवळ शब्दशः जुळला. मापनीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा क्रॉनबॅक अल्फा चांगला आला. माझे गाईड म्हणाले, आता पुढे चला.

एक दिवस एका वयस्कर बाईंना वाचून दाखवत फॉर्म भरत होते. विधान होतं, ‘मी इतर लोकांइतकीच चांगली आहे असं मला वाटलं.’ त्या म्हणाल्या, ‘कधीच नाही.’ हे विधान उलटं मोजायचं असतं, म्हणजे ‘कधीच नाही’ला पूर्ण ३ गुण. मी लिहिले. पुढच्या विधानाकडे वळणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, ‘ताई, असं स्वतःच्या तोंडानं कसं म्हणायचं हो? ते दुसऱ्यांनी म्हणावं.’

माझं पेन तिथेच थांबलं. मी विचारलं, ‘मावशी, आणि दुसरे काय म्हणतात?’ त्यावर त्या बराच वेळ बोलल्या. कुणाच्या अडीअडचणीला कोण येतं, तर त्याच, असं सगळे म्हणतात म्हणे. त्या उदास नव्हत्या. त्यांनी नम्रपणा दाखवला आणि मी तो आजार म्हणून नोंदवला.

त्या मापनीत अशी सकारात्मक विधानं चार आहेत. चौघांना ३ प्रमाणे १२ गुण होतात, आणि सीमारेषा आहे १६ वर. स्वतःबद्दल बरं बोलायचं नाही असं वळण लागलेला माणूस एकही दुःखाचं लक्षण न सांगता १२ पर्यंत पोचतो. वर आठवड्यातल्या तीन-चार रात्री झोप नीट लागली नसेल आणि तितकेच दिवस भूक कमी असेल, तर प्रत्येकी २ गुण धरून तो माझ्या तक्त्यात रुग्ण. जपानमध्ये झालेल्या अभ्यासांतही नेमक्या याच चार विधानांवर लोकांची उत्तरं वेगळी येताना दिसली आहेत. मला ते वाचून माहीत होतं, पण माझ्या फॉर्ममध्येही ते घडत असेल असं वाटलं नव्हतं. तोवर जमलेले चाळीस फॉर्म मी बाजूला ठेवले आणि परत सुरुवात केली. सहा महिने गेले. त्याबद्दल आज मला जराही वाईट वाटत नाही.

उलट अनुवादाने वाक्य जुळलं की नाही ते कळतं. ऐकणाऱ्याला काय ऐकू आलं, ते कळत नाही. त्यासाठी एक पायरी वाढवायची, ती चुकवू नका. प्रत्येक बोलीतल्या, प्रत्येक शिक्षणस्तरातल्या आठ-दहा जणांना एकेक विधान वाचून दाखवा आणि उत्तर आलं की तिथेच थांबा. ‘मी आत्ता काय विचारलं, तुमच्या शब्दांत सांगा बघू.’ ‘हे उत्तर देताना डोळ्यासमोर काय आलं?’ ‘हेच तुमच्या बहिणीला विचारायचं असतं तर कसं विचारलं असतं?’ तिसऱ्या प्रश्नाने मला जेवढे नेमके मराठी शब्द दिले तेवढे कुठल्याच तज्ज्ञाने दिले नाहीत. मग विधान बदला आणि नव्या आठ जणांना विचारा. दोन फेऱ्या तरी होऊ द्या.

या फेऱ्यांत एक गोष्ट हमखास सापडते. एका विधानात दोन-तीन गोष्टी बांधलेल्या असतात. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीतला सहावा प्रश्न घ्या. स्वतःबद्दल वाईट वाटणं, आपण अपयशी आहोत असं वाटणं, आणि स्वतःला किंवा कुटुंबाला मान खाली घालायला लावली असं वाटणं, हे सगळं एकाच श्वासात विचारलेलं. एखाद्याला स्वतःबद्दल काही वाटत नसेल, पण घरच्यांच्या नजरेला नजर देता येत नसेल. तो ‘हो’ म्हणतो, तेव्हा कशाला ‘हो’ म्हणतो? मुलाखतीत हे विचारून नोंदवलंत तर तुमच्या प्रबंधाचं एक प्रकरण तिथेच उभं राहील. त्याच प्रश्नावलीतला ‘निम्म्याहून अधिक दिवस’ हा पर्यायही लोकांना अडतो. मी चौदा ठिपक्यांचं कार्ड करून घेतलं. गेल्या दोन आठवड्यांतले वाईट दिवस बोटाने दाखवा, एवढंच सांगायचं. पर्याय वाचून दाखवण्यापेक्षा हे कितीतरी सोपं पडतं.

दोन गटांची तुलना करायची असेल तर अजून एक अट आहे. मापनी दोन्ही गटांत एकच गोष्ट मोजते का, हे आधी तपासावं लागतं. घटकांची, म्हणजे एकत्र जाणाऱ्या विधानांच्या गटांची, रचना सारखी आहे का, विधानांचं घटकांशी नातं सारख्याच ताकदीचं आहे का, आणि सारखाच त्रास असलेली दोन गटांतली दोन माणसं सारखंच उत्तर देतात का, या क्रमाने. माझ्या मावशी या तिसऱ्या पायरीवर अडल्या असत्या. ती पायरी ओलांडल्याशिवाय दोन सरासरी शेजारी मांडून ‘या समाजात नैराश्य जास्त’ असं लिहू नका. या तपासणीला प्रत्येक गटात काहीशे माणसं लागतात. तेवढी नसतील तर तुलनेचा मोह सोडा आणि एकाच गटाचा खोल अभ्यास करा. पदवी त्यावरही मिळते.

गट ठरवतानाही सावध राहा. ‘हा समाज समूहवादी आहे’ असं प्रस्तावनेत लिहिलं की पुढची सगळी उत्तरं त्याच चष्म्यातून दिसतात. स्टॅन्ली सू यांनी १९९८ मध्ये समुपदेशकाच्या सांस्कृतिक क्षमतेबद्दल लिहिताना एक फार उपयोगी गोष्ट सांगितली. गटाबद्दलचं ज्ञान समोरच्या माणसाला कधी लावायचं आणि कधी बाजूला ठेवायचं, हे कळणं हेच कौशल्य आहे. संशोधकालाही ते लागू आहे. मी रकान्यांच्या आधी एक मोकळा प्रश्न ठेवते, ‘अनोळखी माणसाला स्वतःबद्दल सांगताना तुम्ही सगळ्यात आधी काय सांगता?’ कुणी जात सांगतं, कुणी नोकरी, कुणी ‘मी दोन मुलींची आई’ म्हणतं, आणि एकाने सांगितलं होतं, ‘मला ऐकू येत नाही.’ त्याच्यासाठी धर्म आणि मातृभाषेचे रकाने निरुपयोगीच होते. त्याची भाषा हातांची होती.

खोलीत कोण बसणार, हा पुढचा प्रश्न. आपल्यासारखाच समुपदेशक असेल तर गुण येतो, असं सगळेच धरून चालतात. राक्वेल कॅब्रल आणि टिमोथी स्मिथ यांनी २०११ मध्ये वांशिक साधर्म्यावरचे अभ्यास एकत्र करून बघितले. आपल्यासारखाच समुपदेशक हवा ही पसंती चांगली ठळक होती, परिणामाचा आकार (फरक किती मोठा, ते सांगणारा आकडा) ०.६३. अशा समुपदेशकाबद्दलचं मत काहीसं अधिक चांगलं होतं, ०.३२. उपचाराच्या प्रत्यक्ष निकालात मात्र फरक जेमतेम ०.०९. मला हे निष्कर्ष फार महत्त्वाचे वाटतात. पसंती खरी आहे, तिचा मान ठेवायलाच हवा. पण वेगळ्या समाजातला समुपदेशकही मदत करू शकतो, आणि तो नेमकं काय करतो तेव्हा ती मदत पोचते, हे शोधायचं काम अजून पुष्कळ बाकी आहे. १९९८ मध्ये मेलनी टर्व्हलॉन आणि जॅन मरे-गार्सिया यांनी सांस्कृतिक विनम्रतेची कल्पना मांडली. दुसऱ्याच्या संस्कृतीत आपण कधीच ‘पास’ होत नसतो, शिकत राहतो, असा तिचा गाभा. २०१३ मध्ये ती मोजायची मापनी आली, आणि ती भरतो क्लायंट. हे मला फार पटतं. ‘मी सांस्कृतिकदृष्ट्या सक्षम आहे’ असं समुपदेशकाने स्वतःच टिकमार्क करायचे अभ्यास आता बंद व्हायला हवेत.

मुलाखतीच्या वेळी शेजारी कोण होतं, हेही प्रत्येक नोंदीवर लिहा. सासू आत-बाहेर करत होती, नवरा फोनवर ऐकत होता, मूल मांडीवर होतं. उत्तराचा अर्थ लावताना हे लागतं.

तुमचा विषय उपचारपद्धती जुळवून घेण्याचा असेल, तर गिएर्मो बर्नाल आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दिलेली आठ अंगं तपासणीसाठी घ्या: भाषा, माणसं, रूपकं, आशय, संकल्पना, उद्दिष्टं, पद्धती आणि संदर्भ. मुलं पहिल्यावरच थांबतात. पुस्तिकेचं भाषांतर केलं, चित्रातल्या माणसांचे कपडे बदलले, झालं. २०११ मध्ये जर्नल ऑफ काउन्सेलिंग सायकॉलॉजीत बेनिश, क्विंटाना आणि वॅम्पोल्ड यांचं मेटा-अ‍ॅनालिसिस, म्हणजे अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण, आलं. जुळवून घेतलेले उपचार न जुळवलेल्या उपचारांपेक्षा सरस ठरले, फरक ०.३२. पण तो फरक कशामुळे पडतो हे शोधताना एकच गोष्ट पुढे आली, ती म्हणजे त्रासाचं कारण क्लायंटच्या स्वतःच्या समजुतीशी जुळेल असं समजावून सांगणं. म्हणजे तुमच्या वहीतलं पहिलं पान, ‘हा त्रास कशामुळे झाला असं तुम्हाला वाटतं?’, उपचाराच्या खोलीपर्यंत जायला हवं.

झिम्बाब्वेतला फ्रेंडशिप बेंच हा उपक्रम मी दरवर्षी वर्गात शिकवते, कारण त्यात हे सगळं एकत्र दिसतं. मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी हरारेत तो सुरू केला. प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक आरोग्य कार्यकर्त्या, त्यातल्या बऱ्याच आजीच्या वयाच्या, दवाखान्याच्या आवारातल्या लाकडी बाकावर बसून लोकांशी बोलतात. शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ म्हणजे अतिविचार, त्रासासाठी लोकांच्या तोंडी असलेला शब्द. उपक्रमाने तोच शब्द धरला. समस्या सोडवण्याच्या पद्धतीच्या पहिल्या भेटीला ‘मन उघडणं’ अशा अर्थाचं शोना नाव आहे. निकाल मोजला तोही शोना भाषेत तिथेच घडवलेल्या लक्षण-प्रश्नावलीने. २०१६ मध्ये जामा या नियतकालिकात २४ दवाखान्यांतल्या ५७३ जणांवरची चाचणी प्रसिद्ध झाली आणि सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांची लक्षणं तुलनेच्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी होती. त्रासाचा शब्द, ऐकणारी व्यक्ती, बसायची जागा आणि मोजपट्टी, सगळं एकाच मातीतलं. मुलांना मी विचारते, यातलं तुमच्या सिनॉप्सिसमध्ये काय आहे?

विश्लेषणाबद्दल एकच सांगते, पण ते काटेकोरपणे पाळा. कोडिंग, म्हणजे मुलाखतीतल्या वाक्यांना अर्थाची लेबलं लावणं, मूळ भाषेत करा. मुलाखत मराठीत, ट्रान्सक्रिप्ट इंग्रजीत आणि कोडिंग त्या इंग्रजीवर, अशी वाट बहुतेक जण धरतात, कारण प्रबंध इंग्रजीत द्यायचा असतो. तेवढ्यात ‘हुरहुर’, ‘धास्ती’, ‘घोर’ आणि ‘काळजी’ या चौघींची एकच अँग्झायटी होते. भाषांतर फक्त शेवटी, उद्धृत करायच्या वाक्यांपुरतं, आणि तिथेही मूळ शब्द शेजारी ठेवा.

पुढे कुठे जायचं, असं विचाराल तर कॉलेजमधल्या विद्यार्थ्यांचे समुपदेशनाबद्दलचे दृष्टिकोन पुन्हा मोजू नका. एका भेटीनंतर परत न आलेल्या लोकांना शोधा, परवानगी घेऊन त्यांच्याशी बोला. दोन भाषा बोलणारा क्लायंट सत्रात नेमक्या कुठल्या क्षणी भाषा बदलतो, याची रेकॉर्डिंगं ऐका. कोणता विषय निघाला की तो मातृभाषेकडे येतो आणि कोणता निघाला की तिच्यापासून पळतो, हे ऐकण्यासारखं आहे. एकाच समुपदेशकाचे वेगवेगळ्या समाजांतले क्लायंट सारखेच बरे होतात का, हे बघा. आता लोक चॅटबॉटशीही दुःख बोलतात, आणि हे चॅटबॉट प्रामुख्याने मोठ्या भाषांतल्या मजकुरावर शिकलेले आहेत. ‘जीव नकोसा झालाय’ हे त्रासिक बोलणं कधी असतं आणि धोक्याची खूण कधी, हे त्या यंत्राला कळतं का, हे तपासणं तातडीचं आहे. त्या कामाला भाषा आतून माहीत असलेले संशोधकच लागतील.

आणि माहिती कुणाची, हा प्रश्न. २०१९ मध्ये आदिवासी समाजांच्या माहितीबाबत ‘केअर’ तत्त्वं मांडली गेली. समाजाचा सामूहिक फायदा, माहितीवर त्यांचा अधिकार, आपली जबाबदारी आणि नीती, अशी ती चार आहेत. संमतीपत्रात फक्त ‘माहिती गोपनीय राहील’ एवढं न लिहिता ती कुठे राहील, कोण बघेल, आणि नंतर काढून घ्यायची असेल तर कुणाला फोन करायचा, हे लिहा. मग ते वाचून दाखवा.

प्रबंध सादर करण्याआधी निष्कर्ष त्यांच्याकडे परत न्या. त्यांच्या भाषेत, एका पानात, मोठ्या अक्षरात, तक्ते न घालता. बसून वाचून दाखवा आणि विचारा, ‘यात काय चुकलंय?’ पहिल्यांदा सगळे ‘छान आहे’ म्हणतील. चहाच्या घाईने उठू नका, थोडं बसा. त्यानंतर जे आक्षेप येतील ते तारखेसह लिहून घ्या आणि परिशिष्टात जसेच्या तसे छापा, तुम्हाला पटलेले नसले तरीही.